तो गाळ, ती गाळ

तुमच्या वडिलांनी तुमच्यासमोर कधी दुसऱ्याच्या मुलीचं कौतुक केलंय का? आणि ते कौतुक अगदी खरं होतं, म्हणून तुम्हाला जास्त झोंबलंय का? खोटं असतं तर सोपं होतं. खोट्याविरुद्ध काय करायचं हे मला लहानपणापासून शिकवलेलं आहे: पत्रक काढायचं. खऱ्याविरुद्ध काय काढायचं, ते आमच्या घरात कुणी शिकवलं नव्हतं.

आमचं घर सुरतेत, भेस्तानला. वडील खानदेशातून लूमवर कामाला आले आणि लवकरच कामगारांच्या पत्रकांमध्ये अडकले. लिहायचं दुसरं कुणीतरी, वाटायचे ते. वाटून उरलेली पत्रकं घरी यायची. आईनं फळीवर डब्यांखाली तीच अंथरलेली होती. माझी पहिली गणितं पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर आहेत. पहिलीत बाईंनी 'स'चा शब्द विचारला तेव्हा बाकीच्या मुलांनी ससा सांगितला, मी संप सांगितला. वडिलांनी ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगितली. मी मोठी होऊन लिहायला लागले तेव्हा पत्रकं लिहिण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं. घरातली लिहिणारी मी, हे ठरलेलंच होतं.

समोरच्या ओळीत ती राहायची. माझ्याच वयाची. तिचे आईवडील अमरावतीकडचे. वडील बांधकामावर सेंट्रिंगचं काम करायचे, आई घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. चौथीपर्यंत आम्ही दोघी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत एका बाकावर बसलो. पाचवीत तिच्या वडिलांनी तिला गुजराती माध्यमात घातलं. माझे वडील तेव्हा घरात बोलून गेले की, जो भाषा सोडतो तो उद्या युनियनही सोडतो. मी ते लगेच जाऊन तिला ऐकवलं. ती रडली, आणि मला बरं वाटलं. हे मी आता पहिल्यांदा कबूल करते आहे.

पुढे ती भूगर्भशास्त्र शिकली. आता समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळावर संशोधन करते. म्हणजे बोटीतून खंभातच्या आखाताकडे जायचं, एक लांब नळी पाण्यात सोडून तळात घुसवायची, वर ओढायची आणि तिच्यात आलेला चिखल थराथरानं वाचायचा. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. कुठल्या नदीनं काय आणून टाकलं, कधी मोठा पूर आला, सगळं त्यात कळतं. हे तिनं मला सांगितलं नाही. वडील तिच्याकडून ऐकून आले होते आणि ताटातला हात थांबवून सांगत होते.

"समिंदरना तळ वाचस ती पोर," वडील म्हणाले. भारावले किंवा चिडले की ते अहिराणीतच बोलतात. "चिखल वाचस, चिखल!"

"चिखल मीपण धुते रोज," मी म्हणाले. "तुमच्या चपलांचा."

"तू धुस, ती वाचस," आई पोळी उलटत म्हणाली. "फरक शे."

धाकटी बहीण खदखदून हसली. तिचं हसणं मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ती माझी होती.

धाकटी बसून गोळा फेकते. जन्मापासून तिचे दोन्ही पाय भार घेत नाहीत. हात मात्र असे आहेत की दळणाचा भरलेला डबा ती व्हीलचेअरवर बसल्या बसल्या एका हातानं मांडीवर ओढून घेते. बसून गोळा फेकायला एक लोखंडी बैठक लागते आणि ती बैठक चार हुकांना पट्ट्यांनी करकचून बांधावी लागते. हुक जमिनीत पक्के गाडलेले हवेत. बैठक जराशी हलली तरी हातातला जोर बैठकीतच जिरतो आणि गोळा समोर लोळतो. त्यामुळे नुसतं मोकळं मैदान तिच्या कामाचं नाही. आपल्या जमिनीत चार खड्डे खणू देईल असं मैदान लागतं. असं एकच मैदान आम्हाला माहीत होतं, रिक्षानं जाण्याजोगं, एका ट्रस्टच्या मालकीचं. तिच्याबरोबर तिथे आणखी काही मुलंमुली येत, कुणी थाळी फेकणारं, कुणी भाला. राज्याच्या निवड चाचणीला तेव्हा पाच महिने होते. धाकटीनं कॅलेंडरवर दिवस खोडायला सुरुवात केली होती.

शिकवायला एक सर होते, निवृत्त पी.टी. शिक्षक. अस्सल सुरती. सुरती माणसाच्या तोंडातली शिवी सुरतेबाहेरच्यांना समजावणं अवघड आहे. ती रागानं येत नाही, प्रेमानंही येत नाही. स्कूटरला किक मारावी तशी ती वाक्य सुरू करायला लागते. सर 'आज थंडी आहे' हेसुद्धा शिवीशिवाय म्हणू शकत नसत. मुलांना त्याची इतकी सवय होती की एकदा सर घसा बसला म्हणून गप्प राहिले, तर त्या दिवशी कुणाचाच गोळा लांब गेला नाही.

दिवाळीनंतर जुने हुक सैल झाले. सरांनी ते काढून नवे खोल खड्डे घेतले. हातभर खाली पिवळी माती संपली, राखेसारखं काहीतरी लागलं, आणि त्याखाली जांभळट काळा, चिकट चिखल. मी तेव्हा तिथेच होते. मला वाटलं, रंगाच्या कारखान्यांच्या गावात जमिनीला रंग असायचाच. खड्ड्यातून वर आलेली माती बैठकीशेजारी ढीग करून ठेवली गेली. गोळा हातातून निसटू नये म्हणून धाकटी तळहाताला माती चोळते. ती हात लांब करून त्या ढिगातलीच घ्यायला लागली.

महिन्याभरात तिच्या मानेवर, जबड्याखाली, एक लाल चट्टा उठला. आईनं खोबरेल लावलं. मी म्हणाले, थंडीचं असेल. मग एका संध्याकाळी ती समुद्रवाली आमच्याकडे आली, धाकटीची मान दोन बोटांनी वर करून तिनं बघितलं आणि विचारलं, "गोळा कुठे टेकवतेस?"

"इथेच की. मानेशी."

"आणि त्याला माती कुठली लागते?"

मी त्याच खोलीत बसले होते. जगातल्या प्रत्येक अन्यायावर माझी नजर असते असं माझं मत होतं. बहिणीच्या मानेवर ती पडली नव्हती.

पुढच्या रविवारी ती मैदानावर प्लंबरकडचा पाइप आणि मोठा हातोडा घेऊन आली. पाइप जमिनीत ठोकला, फिरवून वर काढला, हातमोजे घालून उभा चिरला आणि एका पत्र्यावर ठेवला. धाकटी व्हीलचेअर ढकलत अगदी जवळ गेली.

"हात नाही लावायचा," ती म्हणाली. "नुसतं वाच. वरून खाली. ही पिवळी वरची भरणी. कुणीतरी नंतर आणून टाकली आहे. ही बॉयलरची राख असावी. आणि हे..."

"हे काय?" धाकटीनं विचारलं.

"ते लॅबमध्ये विचारायचं."

"तुला माहीत नाही?" हे मी विचारलं. मला ते विचारताना आनंद झाला.

"वास ओळखीचा आहे. पण वासावर मी सही करत नाही."

"डाईंगवाल्यांनी टाकलंय. उघड आहे."

"कुठल्या? कधी? किती?"

"पत्रकाला एवढं लागत नाही."

"मला लागतं," ती म्हणाली, आणि धाकटी तिच्याकडे बघून अशी हसली की मी पाण्याची बाटली भरायला म्हणून तिथून निघून गेले.

त्या दिवसापासून धाकटी तिला गाळताई म्हणायला लागली. आतापर्यंत आमच्या घरात ताई एकच होती. आता दोन झाल्या, आणि एकीला विशेषण लागलं तर दुसरीलाही लागणारच. मी घरची ताई झाले. "घरची ताई, पाणी दे. गाळताईनं सांगितलंय हात साबणानं दोनदा धुवायचे." गाळताईनं सांगितलंय. गाळताई बोटीवर झोपते तेव्हा पलंगाला बांधून घेते. गाळताईनं समुद्राच्या तळाचा वाळलेला गाळ एका छोट्या बाटलीत भरून दिला. धाकटीनं ती बाटली आपल्या पदकांशेजारी ठेवली. एकदा फळी पुसताना मी ती चहाच्या डब्यामागे सारली. दोन दिवसांनी ती परत पदकांशेजारी होती.

लॅबचा अहवाल यायला वेळ लागणार होता. तोवर ढिगातली माती वापरायची नाही, बैठकीखाली ताडपत्री घालायची आणि कुणीही काही लिहायचं नाही, असं तिनं सांगितलं. "अहवालाशिवाय लिहिलं तर ट्रस्ट म्हणेल पुरावा दाखवा, आणि आपल्याकडे पाइपभर चिखल असेल." वडिलांनी मान डोलावली. माझे वडील! ज्यांनी मला शिकवलं होतं की पुरावा मालकाच्या कपाटात असतो आणि पत्रक आपल्या हातात.

मग एक दिवस वडील म्हणाले, "ऐतवारले तिले संघटनानी खोलीवर बलावूत. माटीबद्दल ती सांगी." आणि माझ्याकडे वळून, "तू ओळख करी दे तिनी."

म्हणजे माझ्या खोलीवर, माझ्या लोकांसमोर, ती बोलणार आणि मी तिची ओळख करून देणार. मी हो म्हणाले. आत जाऊन वही काढली.

पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. अजूनही मला वाटतं की मराठीत ते चांगलं होतं. मथळा होता: 'मैदानात गाळ कोणाचा?' पण मैदानावर येणाऱ्या बहुतेक मुलांचे पालक गुजराती वाचणारे, म्हणून ते गुजरातीत हवं. आम्हा सुरतेतल्या मराठी पोरांचं लिहितानाचं गुजराती म्हणजे शब्द आपला आणि शेपूट त्यांचं. 'चा' काढून 'नो' लावायचा, 'आहे'चं 'छे' करायचं. बोलताना मी बाजारात कुणाला कळू देत नाही की मी मराठी आहे. लिहायला बसले की हात मात्र चौथीतल्या बाकावर जाऊन बसतो. एरवी गुजरातीतलं काहीही मी तिला दाखवून घेत असे. तिनं ते दोन मिनिटांत तपासलं असतं. ह्या वेळी तिला दाखवायचं नव्हतंच. तिच्या आधी छापून यायचं होतं.

शुक्रवारी मी छापखान्यात गेले. तिथला टाइप करणारा गुजराती होता, पानमसाला तोंडात. मथळा वाचून त्यानं माझ्याकडे वर बघितलं.

"बेन, 'गाळ कोनो' नहीं. 'गाळ कोनी' आवे."

मला लाज वाटली. व्याकरणात पकडले गेले म्हणून मी घाईनं म्हणाले, "हां हां, कोनी."

"आम ज छापुं?" म्हणजे असंच छापू?

"आम ज."

त्यानं मजकूर पूर्ण वाचला, एकदा हसला आणि म्हणाला, "तमे तो बहु हिंमतवाळां, बेन." मी ते शब्द घरापर्यंत चघळत आले.

शनिवारी सकाळी मैदानाच्या फाटकावर वाटलं. दुपारपर्यंत पत्रकाचा फोटो कुठल्या कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता. माझं कुठलंच पत्रक असं फिरलं नव्हतं. मी दर दहा मिनिटांनी फोन बघत होते. लोक हसण्याचे चेहरे का टाकतायत, ते मला कळत नव्हतं.

रविवारी धाकटी सरावाला गेली आणि अर्ध्या तासात परत आली. फाटकाला कुलूप होतं. वर कागद चिकटवलेला: प्रशिक्षकांविरुद्धच्या तक्रारीचा तपास पूर्ण होईपर्यंत सराव बंद. सर आलेच नव्हते. फोनही उचलत नव्हते.

"प्रशिक्षकांविरुद्ध कुणी तक्रार केली?" मी विचारलं. खरंच विचारलं.

उत्तर समुद्रवालीनं दिलं. ती दुपारच्या सभेसाठी आमच्याकडे येऊन बसली होती. पत्रक तिच्या हातात होतं. तिनं ते वाचलं, परत वाचलं, आणि मग अगदी हळू विचारलं, "गाळ म्हणजे तू काय म्हणते आहेस?"

"गाळ म्हणजे गाळ. तुझाच."

"गुजरातीत त्याला कांप म्हणतात. नाहीतर कादव म्हण. गाळ म्हणजे शिवी."

हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. सुरतेत वाढलेल्या माणसाला तो माहीत नसेल कसा? रस्त्यावर रोज ऐकू येतो, 'गाळ ना बोल'. पण कित्येक आठवडे आमच्या घरात गाळ म्हणजे तिचा गाळ होता, बाटलीतला, पाइपातला, ताईच्या पुढे लागलेला. त्या शब्दाचा मला इतका राग होता की त्याचा दुसरा अर्थ ऐकायला कानात जागाच उरली नव्हती. मराठीत तो गाळ. गुजरातीत ती गाळ. टाइप करणाऱ्यानं मला सरळ सरळ सांगितलं होतं, कोनो नाही, कोनी.

तिनं पुढचं मोठ्यानं वाचलं. माझंच लिखाण, मी मराठीत सांगते. मैदानात शिव्या कोणाच्या? आपली मुलं रोज ह्या शिव्यांमध्ये बसतात. ह्या शिव्या त्वचा जाळतात, अंगात मुरतात आणि वर्षानुवर्षं जात नाहीत. ट्रस्टला सगळं ठाऊक आहे आणि तो गप्प आहे. आपण किती दिवस सहन करणार?

"एक तरी रंग लिहायचास," ती म्हणाली. "जांभळा एवढं लिहिलं असतं तरी लोकांना कळलं असतं. जांभळी शिवी नसते."

वडिलांनी पत्रक तिच्या हातातून घेतलं. डोळ्यांजवळ धरून बघितलं. मग मला एवढंच विचारलं, "तिले दखाडं नही का तू?"

नाही दाखवलं, मी म्हणाले. का, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

धाकटी तोवर दाराकडे तोंड करून बसली होती. ती वळली. "सरांनी मला एक तरी शिवी दिलीय का? गोळ्याला देतात. वाऱ्याला देतात. मागच्या उजव्या हुकाला तर रोज देतात. मला कधी दिली?"

"मला ते म्हणायचंच नव्हतं."

"मग काय म्हणायचं होतं? घरची ताई, माझी चाचणी आहे. तुझी नाही. गाळताईची पण नाही. तुमचं जे काय चाललंय ते माझ्या मैदानावर कशाला केलंत?"

'तुमचं जे काय चाललंय.' म्हणजे तिला सगळं दिसत होतं. बाटली डब्यामागून काढताना पण दिसलं असणार.

सरांच्या घरी मी दुसऱ्या दिवशी गेले. रांदेरला, गल्लीच्या तोंडाशी. ते ओट्यावर बसून पापडीच्या शेंगा सोलत होते. मला बघून म्हणाले, "आवो बेन. बेसो. चाय लेशो?"

मी त्यांना इतकं सभ्य बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. मी उभ्या उभ्याच सांगायला लागले, गाळ म्हणजे आमच्या भाषेत चिखल, खड्ड्यातला तो जांभळा चिखल, तुमच्याबद्दल काही नव्हतं. ते ऐकत होते, दाणे वाटीत टाकत होते.

"एटले तमे कादव लखवा मागतां हतां?" म्हणजे तुम्हाला चिखल लिहायचं होतं?

"हो."

"ने लखाई गई गाळ."

"हो."

त्यांनी सोललेल्या शेंगा बाजूला ठेवल्या. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. मग त्यांनी मला, माझ्या शाळेला, माझ्या छापखान्याला आणि त्या ट्रस्टला मिळून एक अशी लांब, कमावलेली शिवी दिली की आतून त्यांच्या सुनेनं दार लावून घेतलं. आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शिवी जिच्यानंतर मला मोकळा श्वास आला. पण लगेच ते गंभीर झाले. म्हणाले, गल्लीतले लोक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नातीच्या शाळेतून फोन आला. ते तू कसं पुसणार?

अहवाल पुढच्या आठवड्यात आला. खालच्या थरात क्रोमियम होतं आणि रंगकामातलं आणखी काही, अंगाला लागू नये असं. वरच्या भरणीत तसं फारसं नव्हतं. तिनं कागद टेबलावर ठेवून समजावलं, "म्हणजे मैदानावर धावणाऱ्यांना फार धोका नाही. खालचं वर आलं ते फक्त हुकांच्या खड्ड्यांतून. म्हणजे बसणाऱ्यांच्या शेजारी."

हे वाक्य ऐकून माझ्या डोक्यात लगेच मथळा तयार झाला. तिच्याकडे बघितलं. तीही माझ्याकडेच बघत होती. "लिही," ती म्हणाली. "पण माझ्यासमोर बसून."

आम्ही अहवाल ट्रस्टकडे नेला, तेव्हा तिथल्या माणसानं तो हातात घेऊन विचारलं, "आता ही कोणती गाळ?" आणि शेजारचे दोघं हसले. खरी गोष्ट हातात असून ती हसण्यावारी जाताना बघणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं, आणि ती पाळी माझ्यामुळे आली होती. म्हणून दुसरं पत्रक तिच्यासमोर बसून लिहिलं. मी एक ओळ लिहायची, ती त्यातलं एक विशेषण काढायची. 'नराधम' गेलं. 'विषारी षड्यंत्र' गेलं. खड्ड्याची खोली राहिली, चिखलाचा रंग राहिला, अहवाल कुठे बघायला मिळेल ते राहिलं. खाली सरांची माफी राहिली, माझ्या शब्दांत, तिनं तिला हात लावला नाही. गुजराती तिनं केलं. वडिलांनी ते पूर्वीसारखं स्वतः फाटकावर उभं राहून वाटलं. पहिल्या पत्रकाइतकं ते फिरलं नाही. एका पालकानं मला तोंडावर सांगितलं की पहिलं जास्त मजेदार होतं.

ट्रस्टनं शेवटी बैठकीचा तो कोपरा पत्रे लावून बंद केला. माती कोण उचलणार, यावर पत्रव्यवहार चालू आहे. सरांवरचा कागद फाटकावरून निघाला. पण मैदान धाकटीसाठी गेलं ते गेलंच, आणि ते योग्यच आहे. तिथे तिनं बसू नये.

आता ती आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव करते. तिथल्या काँक्रीटला भोक पाडायला परवानगी नाही. म्हणून बैठकीच्या चार पायांवर भार देऊन चार माणसं बसतात: आई, वडील, समुद्रवाली आणि मी. समोर वाळूची पोती रचलेली. सर बाजूला उभे राहून पोत्यांना शिव्या देतात. आम्ही दोघी मागच्या दोन पायांवर, एकमेकींसमोर, गुडघ्याला गुडघा लावून. धाकटी श्वास घेते, गोळा मानेशी नेते, वळते आणि सोडते. मग मागे वळून न बघता म्हणते, "गाळताईचा कोपरा हलत नाही. घरच्या ताईचा हलतो."

मी जास्त जोर लावून बसते. तरी पुढच्या वेळी ती तेच म्हणते. मला अजून झोंबतं. समोरची माझ्याकडे बघून हसते, आणि तेही झोंबतं. आता मी उठून पाणी भरायला जात नाही, कारण मी उठले तर बैठक पडेल.

पण माणसं हुक होऊ शकत नाहीत. प्रत्येक फेकीत बैठक बोटभर सरकते, आणि सर म्हणतात की त्या बोटभरात तिची निवड जाईल. चाचणी आता काही आठवड्यांवर आहे. म्हणून माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या ओळखीत शाळा असेल, कारखाना असेल, साखरेच्या कारखान्याची मोकळी जागा असेल, बारडोलीला, चलथाणला, सुरतेत कुठेही, तर तिथल्या माणसाला भेटा आणि मैदानाचा एक कोपरा मागा. चार हुक गाडू द्या म्हणावं. तुम्ही सुरतेपासून लांब असाल तर तुमच्या गावात मागा. बसून फेकणारं कुणीतरी तिथेही वाट बघत असेल. आणि हुक गाडायच्या आधी हातभर खणून बघा, वर आलेल्या मातीला हात न लावता तिचा रंग कागदावर लिहा, आणि तो कागद आधी अशा माणसाला दाखवा ज्याला तुमच्यापेक्षा त्यातलं जास्त कळतं. तो माणूस तुम्हाला आवडत नसला, तरी त्यालाच दाखवा. मग आम्हाला कळवा.